आज भांग हाय

सर्वेक्षणाच्या फॉर्मवर गावातल्या माणसासाठी चार रकाने असतात. नाव, वय, दिलेली माहिती आणि शेरा. धाकू मढवी या माणसाला मी एका संध्याकाळी त्या चार रकान्यांत बसवलं आणि शेवटच्या रकान्यात जे लिहिलं, ते आजही माझ्या अक्षरात एका सरकारी फायलीत आहे. ते खोडता येत नाही. म्हणून रकान्यात न मावलेला माणूस इथे लिहिते आहे. त्याच्यावर उपकार म्हणून नव्हे. मला दुसरं काही सुचत नाही म्हणून.

धाकूमामा माझा सख्खा मामा नाही. माझ्या आईचं, सगुणाचं, माहेर दिव्याच्या पुढे खाडीच्या अंगाला आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण लाज माझी आहे, गावाची नाही. आईचा सख्खा भाऊ सखाराम ऐन पंचविशीत गेला. तेव्हा शेजारच्या घरातला धाकू कुणी न सांगता आमचा मामा झाला. दर दिवाळीला कोलशेतला आमच्या घरी यायचा, आईच्या हातचा चहा बशीत ओतून प्यायचा आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवायचा. माझ्या लग्नात पाठीशी मामा म्हणून तोच उभा राहिला. नवं धोतर इतकं कडक होतं की मंगलाष्टकांपेक्षा त्याच्या धोतराचाच आवाज जास्त येत होता, असं माझा नवरा अजून सांगतो.

तरुणपणी तो मिठागरावर होता. मग तीस वर्षं गावाची उघाडी त्याच्या हातात होती. गावाच्या भातशेतीला खाडीपासून राखणारा एक लांबलचक मातीचा बांध होता आणि त्या बांधात लाकडी दार. पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीचं आत येऊ द्यायचं नाही, एवढंच त्या दाराचं काम. त्या दाराला उघाडी म्हणतात. पुढे शेती बंद पडली, बांध दोन ठिकाणी फुटला, पुन्हा कुणी बांधला नाही आणि शेतात खाडी शिरली. काही वर्षांत तिथे तिवरांची झाडं उगवली. चिखलात निवट्या, बोटाएवढे मासे, उड्या मारायला लागल्या, त्यांच्यामागे बगळे आले, तुतारी पक्षी आले. शेताचं खाजण झालं. उघाडीला काम उरलं नाही, पण मामा रोज सकाळी बांधावर जातच राहिला. त्याला विचारलं तर म्हणायचा, सवय.

त्या खाजणाचे दोन भाग आहेत. खालच्या खाजणात दिवसातून दोन वेळा पाणी येतं, ते कुणालाही दिसतं. वरचं खाजण, अठरा-वीस एकरांचं, हातभर उंच आहे. तिथे पाणी येतं ते फक्त उधाणाला, म्हणजे अमावास्या आणि पुनवेच्या पुढच्या चार-पाच दिवसांत. एरवी ते कोरडं, भेगाळलेलं, वर पांढरं मीठ फुटलेलं. बाहेरच्या माणसाला वाटावं, ओसाड जागा आहे. पण चिंबोऱ्यांची, खाडीतल्या खेकड्यांची, पिल्लं वाढतात ती तिथल्याच बिळांत, आणि महिन्यातून दोनदा येणारं ते पाणीच त्या जागेला जिवंत ठेवतं. दोन उधाणांच्या मध्ये, अष्टमीच्या आगेमागे, भरतीला जोर नसतो. पाणी येतं, पण अर्ध्यावरून मागे फिरतं. अशा दिवसांना आमच्यात भांग म्हणतात.

मामा हे सगळं बोटांवर मोजायचा. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल तितक्या वाजता भरती. आमची खाडी आत आहे, म्हणून वर तासभर धरायचा. गावातली माणसं लग्नाचा मुहूर्त भटजींना विचारायची आणि जाळं टाकायचा मुहूर्त धाकूला. तो स्वतः मात्र माळकरी. अठराव्या वर्षी गळ्यात तुळशीची माळ घातली आणि तेव्हापासून मासळी नाही, दारू नाही. चिंबोऱ्या कुठे लागतील ते सगळ्या गावाला सांगायचं आणि घरी येऊन वरणभात जेवायचं. आवडामामीने, म्हणजे त्याच्या बायकोने, मात्र माळ घातली नाही. तिची कालवणाची भांडी वेगळ्या फळीवर आणि त्या फळीकडे पाठ करून मामाचं पान. पंचेचाळीस वर्षं दोघांचं याच्यावर कधी भांडण झालं नाही.

आता माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सहावीत असताना वर्गात मी ‘पानी’ म्हटलं. बाईंनी मला उभं केलं आणि पन्नास वेळा ‘पाणी’ म्हणायला लावलं. सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी घरातली भाषा घरात ठेवली. ठाण्याच्या कॉलेजात भूगोल घेतला, तोपर्यंत मला कुणी कोलशेतच्या आगऱ्यांची पोर म्हणून ओळखलं नसतं. लग्नानंतर केणीची सावंत झाले, तेव्हा नव्या आडनावाचा मला जो आनंद झाला, तो नवऱ्याला प्रेमाचा वाटला. अर्धा आनंद वेगळाच होता. सासर कोकणातलं, राहायला बाळकुमचा टॉवर. ऑफिसात मी इतकं शुद्ध बोलायचे की लोक मला ‘मूळच्या पुण्याच्या का?’ असं विचारायचे आणि मी नुसतं हसायचे. ‘नाही’ म्हणायला जीभ जड व्हायची.

नकाशांचं मात्र मला खरंच वेड होतं, अजून आहे. कॉलेजात पहिल्यांदा टोपोशीट समोर पसरली तेव्हा मी तास संपल्यावरही बसून राहिले. तपकिरी रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की जमीन सपाट. हिरवं ते जंगल, निळं ते पाणी. येऊरचा डोंगर कागदावर नुसत्या रेषांनी उचललेला. मग मी आजोळ शोधलं. गाव सापडलं, बांध सापडला, आणि खाजणाच्या जागी काही निळ्या तुटक रेघा. बाकी कोरं. कारण पहिली तपकिरी रेषा येते ती जमीन वीस मीटर चढल्यावर. आमचं सगळं गाव, मिठागर, दोन्ही खाजणं त्या पहिल्या रेषेच्या आतच संपतात. हातभर उंचीचा फरक तिथे कुठून दिसणार? मला तेव्हा वाईट वाटलं होतं, हे मला नीट आठवतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

गेल्या वर्षी आमच्या कंपनीला खाडीकाठच्या पाणथळ जागांचं काम मिळालं. ड्रोनने फोटो घ्यायचे, ते जुळवून एक मोठा नकाशा करायचा, कुठे तिवर, कुठे चिखल, कुठे कोरडं ते रंगवायचं आणि भरतीची सगळ्यात वरची रेघ काढायची. रेघेच्या आत येईल ती पाणथळ, तिला हात लावायचा नाही. बाहेर राहील ती पडीक, तिथे भराव टाकता येतो. वरच्या खाजणावर बऱ्याच जणांचा डोळा होता. ट्रक उभे करायला इतकी मोठी सपाट जागा दिव्याच्या आसपास दुसरी नाही. ते खाजण राहणार की जाणार, हे त्या एका रेघेवर होतं.

आमचे प्रमुख संदेश सर. माणूस कामाचा आणि सरळ. पण गाव म्हसवड, माणदेशातलं. तिथे पाण्याची अडचण असते ती ते येतच नाही ही. भरती-ओहोटी सर पुस्तकातून शिकले होते आणि भरती म्हणजे भरती, रोज सारखीच, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात बसलं होतं. हे मला नंतर कळलं. आधी कळून घ्यायची तसदी मी घेतली नव्हती.

पाहणीच्या दिवशी मी एकटीच गेले होते. मामाच्या ओट्यावर टोपोशीट पसरली. त्याने ती उत्तर वर धरून पाहिली नाही. उचलली, फिरवली आणि खाडीकडे तोंड करून मांडीवर ठेवली. मग बोट ठेवत गेला.

“ये आपला बांद. इथं उघारी. आन या रेगा मांडल्यान ना, ता खालचा खाजन. वरचा नाय दावला.”

“वरचं कसं ओळखायचं, मामा?”

“केर बग ना गो. उधान जाताना काटक्या, पाला, सगला येका रेगंन सोरून जातंय. ती रेग जिथं, तवरा पानी.”

केराची रेघ. आम्ही महिनाभर यंत्रं लावून जी रेघ शोधणार होतो, ती खाडी महिन्यातून दोनदा स्वतःच्या हाताने काढून ठेवते, हे मला त्याने एका वाक्यात सांगितलं. मी ते वहीत लिहून घेतलं आणि मनात म्हटलं, सरांना हे माझं निरीक्षण म्हणून सांगू. इतकी मी हुशार.

ड्रोन उडवायचा दिवस सरांनी ठरवला, होळीच्या आठ दिवस आधीचा. दुपारी एकदा ओहोटीला उडवायचा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरतीला पुन्हा. मी कॅलेंडर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दुसऱ्या दिवशीची अष्टमी दिसली असती. दुपारची फेरी छान झाली. संध्याकाळी ड्रोन उडवणारा दिपेश बांधावर मशीन जुळवत होता, सर पडद्यात बघत होते, मी फॉर्म भरत होते. तेवढ्यात धाकूमामा आला. घाईघाईने आला होता, दम लागला होता. डोळे लाल होते, कारण दुपारभर आवडामामीने सुकट भाजायला चूल पेटवली होती आणि हा फुंकत बसला होता.

सरळ सरांसमोर जाऊन तो म्हणाला, “साहेब, आज नका करू. आज भांग हाय.”

सरांनी पडद्यावरून मान वर केली. लाल डोळे पाहिले, दम पाहिला, जरा मागे झाले. मग हसले. “आज्जा, आत्तापासूनच? होळीला अजून आठवडा आहे!”

दिपेश खो-खो हसला. मामाला कळेना काय झालं. तो माझ्याकडे वळला.

“सांग गो बाय त्यांना. आज भांग हाय. पानी वरच्या खाजनान येनार नाय. पुनवेच्या मांगारी बोलव.”

मला सगळं कळलं. एकेक शब्द कळला. मी तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांत काम झालं असतं: सर, भांग म्हणजे कमी जोराची भरती, आपण आठ दिवसांनी येऊ. पण ते सांगितलं असतं तर सरांनी विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत? आणि मग हा म्हातारा माझा कोण, मी कुठली, सगळंच आलं. ‘बाय’ म्हणून त्याने मला हाक मारली होती आणि दिपेश माझ्या तोंडाकडे बघत होता. मी हसले. मी सरांकडे बघून हसले, मान हलवली आणि माझ्या त्या शुद्ध, पुणेरी आवाजात म्हणाले, “बाबा, तुम्ही घरी जाऊन आराम करा.”

‘बाबा’ म्हटलं मी. मामा नाही.

तो “बरा” म्हणाला आणि बांधावरून परत गेला. मी त्याच्या पाठीकडे पाहिलं नाही. पाहिलं असं इथे लिहिलं तर तेही खोटं होईल.

संध्याकाळी फॉर्म पुरे करताना सर म्हणाले, “त्या आजोबांचंही काहीतरी लिहून टाका, रकाना रिकामा नको.” काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं नाही. शब्द माझे आहेत. नाव, धाकू मढवी. वय, बहात्तर. दिलेली माहिती, असंबद्ध. शेरा, माहितगार नशेत आढळल्याने माहिती ग्राह्य धरली नाही. खाली सही, क. सावंत.

त्या दिवशीचं पाणी मामाने सांगितलं तसंच खालच्या खाजणात आलं आणि तिथूनच फिरलं. फोटोत स्वच्छ दिसत होतं. आम्ही तीच भरतीची रेघ धरली. वरचं खाजण रेघेबाहेर गेलं आणि नकाशात मी स्वतः त्याला फिकट पिवळा रंग दिला. पडीक, कोरडी जमीन. रंग देताना मनात आलं, पुढे हरकती मागवतात, तेव्हा सुधारता येईल. दुसऱ्याने सुधारावं, असं.

हरकतींची सुनावणी ज्येष्ठात झाली. मोठा हॉल, समोर अधिकारी, मागे गावाची शंभरेक माणसं. मी पडद्याशेजारी लॅपटॉप घेऊन बसले होते, नकाशा दाखवायला. गावातर्फे बोलायला धाकूमामा उठला. धुतलेला सदरा, गळ्यात माळ, हातात पिशवी. पिशवीतून त्याने वाळका केर काढला, तिवराची पानं आणि काटक्या. वरच्या खाजणाच्या अगदी वरच्या कडेला पुनवेनंतर सापडलेला. “पानी आला नाय तं यो केर कोनी आनला?” म्हणाला. हॉलमध्ये हशा पिकला, पण चांगला हशा. अधिकारीही जरा पुढे झुकले. मला वाटलं, जमलं. सुटले मी.

मग मामा म्हणाला की ड्रोनच्या दिवशीच आपण हे सांगितलं होतं. अधिकाऱ्यांनी फाइल उलटली. फॉर्म काढला. वाचला. त्यांचा चेहरा बदलला.

“मढवी, तुम्ही त्या दिवशी नशेत होता, अशी इथे नोंद आहे.”

मागून कुणीतरी ओरडलं, “कोन बोलतंय ता? माळकरी मानूस हाय तो!” भजनी मंडळाचे बाबुराव उभे राहिले. “साहेब, सही कोनाची हाय ती वाचा.”

अधिकाऱ्यांनी वाचली. “क. सावंत.”

गावात सावंत कुणालाच माहीत नव्हता. फक्त एका माणसाला माहीत होता. सावंतांच्या घरात मला देताना माझ्यामागे जो उभा होता, त्याला. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, हे मी शपथेवर सांगते. एखादं गणित चुकलंय असं वाटून पुन्हा बोटं मोजावीत, तसं पाहिलं. माझे हात लॅपटॉपवर होते आणि मी पडद्यावरचा नकाशा उगाचच मोठा-लहान करत होते.

“हे खरं आहे का?” अधिकाऱ्यांनी विचारलं. “ही नोंद चुकीची असेल तर तसं सांगा. मग ज्यांनी लिहिली त्यांना विचारावं लागेल.”

मामाने केराची पुडी साहेबांच्या टेबलावर ठेवली. मग पिशवीची घडी करत खाली बघून म्हणाला, “असंल साहेब. सनाचं दिवस होतं.”

मी उठले नाही. उठायला काही लागत नव्हतं. खुर्ची साधी होती, दार उघडं होतं, तोंड माझंच होतं. मी बसून राहिले. अधिकाऱ्यांनी केराच्या पुडीवर काहीतरी लिहून ती बाजूला ठेवली आणि पुढचं नाव पुकारलं.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की डोकं दुखतंय. आईला फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी तिचाच आला. धाकूने माळ उतरवली, म्हणाली. मंडळाने काही म्हणायच्या आत स्वतःच जाऊन देवळात ठेवली. सगळ्यांदेखत दारू प्यायलो म्हणाला ना, मग गळ्यात कशी ठेवणार? आई रडत होती. “कुनी मेल्यानं लिवलंय गो त्याच्यावर असा?” असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत.

पंधरा दिवस मी हे घेऊन ऑफिसात जात-येत होते. खाली मान घालून काम करणं किती सोपं असतं! शेवटी गेले त्याच्याकडे, एका रविवारी सकाळी. मामा ओट्यावर नव्हता, बांधावर गेला होता. आवडामामी मासळी निवडत बसली होती. मी “मामी” म्हटलं. तिने वर पाहिलं नाही.

“तुज्या अक्षरान लिवलंस ना?” ती म्हणाली.

“हो.”

“त्यानं मना नाय सांगला. मीच वलकला. तो दुसऱ्या कोनासाठी तोंड काला करून घेनारा नाय.” तिने कोयता खाली ठेवला. “बोलला आसता नाय, तं तुजी नोकरी गेली आसती. म्हनून बोलला हा. तू तवा काय करत व्हतीस?”

“बसले होते.”

“मंग आता काय आलीस?”

ती ओरडली असती तर मी रडले असते आणि प्रकरण मिटलं असतं. ती ओरडली नाही. मी म्हटलं, मी लिहून देते. ती म्हणाली, “दे. मना सांगू नको, दे.” आणि पुन्हा मासळी निवडायला लागली. पाण्यालाही विचारलं नाही. माझ्या आठवणीत त्या घरातून मी पहिल्यांदाच तहानलेली परत आले.

त्याच दुपारी मी हरकतींची सुनावणी घेणाऱ्या समितीला पत्र लिहिलं. धाकू मढवी नशेत नव्हते. भांग हा शब्द भरतीचं पाणी कमी येतं त्या दिवसाचा आहे. तो मला लहानपणापासून माहीत होता. माहीत असूनही मी तो सांगितला नाही आणि खोटा शेरा लिहिला. चार वाक्यं. तिसरं वाक्य लिहायला एक तास लागला. एक प्रत संदेश सरांना दिली. त्यांनी ती उभ्याउभ्याच वाचली, खाली बसले, पुन्हा वाचली. मला वाटलं, चिडतील.

“मी हसलो, कारण मला तो शब्द माहीत नव्हता,” ते म्हणाले. “तुम्ही का हसलात?”

मला उत्तर माहीत होतं. पण ते सांगायला सहावीच्या वर्गापासून सुरुवात करावी लागली असती, आणि त्या वेळी ते सबबीसारखं वाटलं असतं. सरांनी मला त्या कामावरून काढलं. आता मी जुन्या इमारतींचे आराखडे संगणकात चढवते. हे कमीच झालं.

समितीने पुन्हा ड्रोन उडवायला सांगितलं, उधाणाला. घट बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. मी रजा काढून गेले आणि लांब बांधावर उभी राहिले. दोनच्या सुमारास पाणी खालच्या खाजणाच्या काठाला लागलं आणि थांबलं नाही. आवाज नाही, लाट नाही. भेगांमधून वर आलं, पांढरं मीठ काळं पडलं, बिळांच्या तोंडाशी बुडबुडे फुटले आणि अर्ध्या तासात अठरा एकरांवर आभाळ दिसायला लागलं. सर गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी एकदा माझ्या दिशेने पाहिलं आणि मान हलवली. नव्या नकाशात रेघ वर सरकली. खाजण आत आलं. मामाच्या केराची रेघ आणि आमची रेघ यांच्यात फरक निघाला तो दोन-तीन पावलांचा.

समितीचं पत्र गावात आलं तेव्हा बाबुरावांनी मला निरोप धाडला. एकादशीला सकाळी मंडळ धाकूच्या घरी जाणार आहे, माळ परत घालायला. तू ये आणि तुझं पत्र तू वाच. मी गेले. अंगणात पन्नासेक माणसं होती. आईसुद्धा आली होती. ती माझ्याशी बोलत नव्हती. मी उभी राहून चारही वाक्यं वाचली, तिथल्या भाषेत वाचली. ‘पानी’ म्हटलं. कुणी हसलं नाही. वाचून झाल्यावर नुसता आत चुलीवरच्या आधणाचा आवाज येत होता. तरीही मला हलकं वाटायला लागलं होतं. आता माळ गळ्यात पडेल, मी पाया पडेन, आई बोलेल, असं सगळं मी मनात लावून ठेवलं होतं.

बाबुरावांनी ताम्हणातून माळ उचलली आणि पुढे झाले. धाकूमामाने त्यांचा हात धरला.

“नको.”

“अरे, तू प्यालाच नवतास. पोरीनं लिवून दिलाय.”

“प्यालो नवतो, ता खरा,” मामा म्हणाला. “पन साहेबाच्या म्होरं खोटा बोललो. गल्यान माल व्हती तवा बोललो. ती आता कशी घालू?”

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणी म्हणालं, त्यात काय एवढं. कुणी म्हणालं, देव समजून घेतो. मामा ऐकून घेत होता आणि मान हलवत होता, पण बाबुरावांचा हात त्याने सोडला नाही. मी पुढे गेले, त्याच्या पायाशी बसले.

“मामा, घाल ना,” मी म्हटलं. “माझ्यासाठी घाल.”

त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“तुज्यासाठी येकदा केला ना गो बाय,” तो म्हणाला.

रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो समजावून सांगत होता.